जांभ्याच्या घरात सिमवाला राउटर

फायबर फाट्यापर्यंत आलंय, घरापर्यंत नाही, अशी घरं कोकणात बरीच. तिथून ऑफिसचं काम करायचं तर सिमवाला राउटर लागतो. कुठला घ्यावा यावर लोक आठवडाभर डोकं खातात आणि आणल्यावर टीव्हीशेजारी ठेवून मोकळे होतात. जागेकडे कुणी बघतच नाही.

जांभ्याची जाड भिंत आणि वर पत्रा, यात सिग्नल बराच मरतो. रेंजच्या काड्यांवर विसंबू नका. राउटरच्या सेटिंगच्या पानावर (बहुधा १९२.१६८.१.१) आरएसआरपी आणि एसआयएनआर हे आकडे शोधा. आरएसआरपी म्हणजे टॉवरचा आवाज किती जोरात येतोय: उणे ९० पर्यंत चांगला, उणे ११० च्या पलीकडे गेला की त्यावर काम होणं अवघड. एसआयएनआर म्हणजे गोंगाटातून तो किती स्वच्छ येतोय: १५ च्या वर छान, ५ च्या खाली व्हिडिओ कॉल अडखळणारच. दोन जागांपैकी एक निवडायची वेळ आली तर एसआयएनआर जास्त असलेली घ्या. माळा, पडवी, टॉवरकडची खिडकी, प्रत्येक ठिकाणी पाच-पाच मिनिटं ठेवून आकडे लिहून काढा. संध्याकाळीही एकदा बघा, कारण टॉवरवर गर्दी तेव्हाच होते.

चांगली जागा माळ्यावर सापडली आणि वायफाय खाली पोचत नसेल, तरी राउटर खाली आणायचा नाही. तिथून कॅट ६ची इथरनेट केबल (नेटवर्कची वायर) सोडून कामाच्या खोलीत ॲक्सेस पॉइंट, म्हणजे त्या वायरीवरून वायफाय देणारा डबा, लावायचा.

बाहेरच्या अँटेनाचं गणितही हेच. आरजी-५८ या पातळ अँटेना-केबलचे १० मीटर २३०० मेगाहर्ट्झला साधारण १० डेसिबल सिग्नल खातात, म्हणजे ९ डेसिबल वाढवून देणारा अँटेना केबलनेच गिळला. अँटेनाची केबल दोन-तीन मीटरच ठेवा, लांबी इथरनेटने काढा. अँटेना दोन लागतात, एकमेकांशी काटकोनात तिरपे. आणि राउटरच्या मागचे स्क्रूवाले सॉकेट मोबाइल सिग्नलचेच आहेत ना, हे विकत घेण्याआधी तपासा. काहींवर ते नुसते वायफायचे असतात.

राउटरमध्ये बँड, म्हणजे टॉवरशी कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं ते, निवडता येत असेल तर पुढचे दोन्ही करून बघा. ८५० मेगाहर्ट्झचा बँड ५ लांबवर आणि भिंतीतून पोचतो, पण अरुंद असल्याने लवकर तुंबतो. २३०० चा बँड ४० वेगवान, पण झाडं आड आली की ढेपाळतो. मे महिन्यात केलेली मांडणी जुलैत पानं ओली झाल्यावर पुन्हा तपासावी लागते.

कंपनीचा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कात शिरायचा सुरक्षित मार्ग) जोडला जातो पण मोठी फाइल किंवा एखादं पान अर्ध्यातच अडकतं, याचं कारण बहुधा एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवल्या जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाचा कमाल आकार (बाइटमध्ये). व्हीपीएनचा एमटीयू १२८० करून बघा. बाहेरून घरचा कॅमेरा दिसत नसेल तर पोर्ट फॉरवर्डिंगमागे (बाहेरची विनंती राउटरने कॅमेऱ्याकडे वळवण्याची सेटिंग) रात्र घालवू नका. मोबाइल कंपनी एकच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता (इंटरनेटवरचा घराचा नंबर) अनेकांत वाटते, म्हणून ती विनंती तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. घरातून बाहेरच्या, सार्वजनिक पत्ता असलेल्या सर्व्हरकडे जाणारा वायरगार्डचा (हाही एक व्हीपीएनच) बोगदा हा त्यावरचा उपाय.

प्लॅन घेताना तासाभराच्या एचडी कॉलला साधारण १ जीबी धरा. रोज २ जीबीवाला प्लॅन जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपतो.

वीज जाणारच, तेव्हा राउटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून तसाच छोटा यूपीएस घ्या, ॲक्सेस पॉइंटसाठीही. आभाळ भरून आलं की, विजा चमकायच्या आधीच, अँटेनाच्या केबल काढून ठेवा.