आमच्या गावात आम्हीच सरकार

आज गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढा गावी जाऊन आले. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इतक्या वर्षांत असंख्य वेळा ऐकली होती, पण ती ज्यांनी दिली त्या गोंड माणसांच्या गावात उभं राहून ऐकताना खरंच भरून आलं.

२००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल सांभाळायचा आणि वापरायचा गावाचा कायदेशीर हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, म्हणजे बांबू गावालाच विकता येऊ लागला. त्याआधी हाच बांबू कागद कारखान्याला जायचा. ऐंशीच्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध इथली माणसं रस्त्यावर उतरली होती, त्यातूनच हे सगळं उभं राहिलं.

मला सर्वांत मोठी वाटते ती सर्वसहमतीची रीत. इथे बहुमताने निर्णय होत नाही. एकाचंही मन वळलं नसेल तर पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. वेळ लागतो, लागू दे!

परतताना मनात सूरजागडचा डोंगर होता. जिल्हा तोच, वनहक्क कायदाही तोच. तिथल्या ग्रामसभांनीही लोहखनिजाच्या खाणीला विरोधाचे ठराव केले. मग तो डोंगर का फोडला जातोय?