६५१ नंबरची वाट बघताना

सकाळी सात वाजता मी हिरोशिमातल्या एका ट्रामस्टॉपवर उभी होते. स्टॉपचं नाव हिरोदेन-होंशा-माए, म्हणजे सरळ मराठीत ट्राम कंपनीच्या हेडऑफिससमोर. आदल्या रात्रीच ओसाकाहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने आले (दीडेक तास लागतो) आणि मुद्दाम वर्किंग डे बघून सुट्टी टाकली होती, कारण मला जी गाडी बघायची होती ती जास्त करून सकाळच्या गर्दीतच बाहेर काढतात. ६५१ नंबर. १९४२ साली बनलेली, आणि ६ ऑगस्ट १९४५ ला सव्वाआठला बॉम्ब पडला तेव्हा तिथून जेमतेम ७०० मीटरवर होती. जळून गेली, मग दुरुस्त करून परत रुळावर आणली आणि ती अजून माणसं नेते-आणते, म्युझियमच्या काचेत ठेवलेली नाही.

ट्रामचं वेड बाबांकडून आलंय. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, बोरीबंदर ते दादर, तेव्हा बाबा नऊ वर्षांचे. आजोबा त्यांना टीटीहून ट्रामने फिरवायचे आणि आता दादर टीटी म्हणणाऱ्या किती जणांना माहितीये की त्यातला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस? ट्राम गेली आणि नाव तेवढं राहिलं, हे बाबा इतक्यांदा सांगतात की मला पाठ झालंय, तरी दर वेळी ऐकावंसं वाटतं.

पाऊण तास थांबले. मधे नव्या लांबलचक गाड्या येऊन गेल्या, आणि मग ती आली, हिरवी आणि क्रीम, तोंडावर ६५१. मी फोटो काढायचंच विसरले. आत शाळेची मुलं, ऑफिसवाले, एक आजी हातात भाजीची पिशवी घेऊन, कुणी मान वर करून बघतसुद्धा नव्हतं कारण त्यांच्यासाठी ती कामाला जायची गाडी आहे, बस. ड्रायव्हर पांढरे हातमोजे घालून प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवत स्वतःशीच पुटपुटत होता. भाडं उतरताना द्यायचं, सुटे नसतील तर ड्रायव्हरजवळच्या मशीनमधे मोडून घ्यायचे. मी दरवाज्याजवळच्या दांड्याला धरून उभी होते आणि खरं सांगते, हात थरथरत होता.

युद्धात पुरुष सैन्यात गेले म्हणून ट्राम कंपनीने १९४३ मधे मुलींची शाळा काढली होती, अर्धा वेळ अभ्यास आणि अर्धा वेळ ट्रामवर कंडक्टर नाहीतर ड्रायव्हर. वय किती, तर चौदा ते सतरा. त्यातल्या कितीतरी त्या दिवशी गेल्या. आणि बॉम्बनंतर तिसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, शहराच्या पश्चिमेला थोड्याशा अंतरापुरती ट्राम परत सुरू झाली, त्या गाडीवरही याच मुली होत्या. तीन दिवस! त्या मुलींच्या घरचे कुठे होते, जिवंत होते का, आणि तरी त्या कामावर आल्या.

कामियाचो स्टॉपला उतरून चालत अणुबॉम्ब डोमकडे, म्हणजे बॉम्बनंतरही उभ्या राहिलेल्या त्या पडक्या घुमटाकडे गेले. फोटोत कितीही वेळा बघितलेला असला तरी समोर बघताना वेगळं वाटतं, कारण बाजूला नदी आहे, सायकलवाले जातायत. १९१५ ची ही इमारत, उद्योगधंद्यांची प्रदर्शनं भरायची इथे. पुढे टी आकाराचा आइओई पूल, वरून सहज ओळखू येतो म्हणून नेम याच पुलावर धरला होता. आज त्याच पुलावरून ट्राम जाते.

जवळच्या शांतता स्मारक म्युझियमचं तिकीट २०० येन. आत काय काय आहे ते सगळं लिहिणार नाही, एकच लिहिते. एक डबा आहे, जेवणाचा, शाळेतल्या मुलाचा, आतला भात जळून कोळसा झालेला. तेरा वर्षांचा मुलगा, आग पसरू नये म्हणून घरं पाडायच्या कामावर वर्गाबरोबर गेला होता, आणि आईने त्याला ओळखलं ते त्या डब्यावरून. मी रोज डबा भरून देणाऱ्या आईची मुलगी आहे, मला तिथून पुढे पाय उचलेना. बाहेर येऊन आओगिरीच्या झाडांखाली बराच वेळ बसले, ती झाडंही बॉम्बमधून वाचलेली, १९७३ मधे इथे आणून लावलीत.

दुपारी ओकोनोमीमुरात जेवले, एकाच बिल्डिंगमधे मजल्यामजल्यावर ओकोनोमियाकीची छोटी छोटी दुकानं. मी अंडं खाते पण पोर्क नाही, म्हणून "निकु नुकी" म्हटलं, म्हणजे मांस नको, आणि काकूंनी लगेच मान डोलावली. पातळ घावनासारखा थर, त्यावर कोबीचा डोंगर, मग नूडल्स, मग अंडं, तव्यावरूनच छोट्या उलथन्याने कापून खायचं. ओसाकात सगळं पिठात कालवतात, इथे थर लावतात, आणि मला हेच आवडलं, ओसाकावाल्यांनी माफ करावं.

मग संध्याकाळपर्यंत नुसती ट्राममधून फिरले. इथे ट्राम १९१२ पासून आहे, आणि बाकी शहरांनी बंद केल्या, ओसाकाने १९६९ ला, कोबेने १९७१ ला, क्योतोने १९७८ ला, तेव्हा त्यांच्या गाड्या या शहराने घेतल्या. क्योतोहून आलेल्या प्रत्येक गाडीला क्योतोतलंच नाव दिलंय. दुसऱ्या गावाहून आलेलीला तिच्या गावचं नाव ठेवणं, किती माया आहे यात. आपली एखादी कुणी अशी नेली असती तर!

जपानीत ट्रामला लाडाने चिन-चिन देन्शा म्हणतात, घंटेवरून. मी ती घंटा रेकॉर्ड करून बाबांना पाठवली. तिकडे दुपारचे अडीच, झोपायची वेळ, तरी मिनिटभरात फोन आला. गाडीत फोनवर बोलत नाहीत इथे, म्हणून शेवटच्या स्टॉपला, बंदरावर उतरल्यावर लावला.

"ऐकलं गं, तीनदा ऐकलं," म्हणाले. मग जरा थांबून, "शेवटच्या स्टॉपला ड्रायव्हर हँडल काढून दुसऱ्या टोकाला जातो का गं अजून?"

मी मागे वळून बघितलं. जात होता.