तुम्ही विचारलंत म्हणून: केबल उपटली की कर्नल का कोसळतो?

लिनक्ससाठी यूएसबी ड्रायव्हर लिहिणारे हमखास विचारतात: ड्रायव्हर दिवसभर नीट चालतो, डिस्कनेक्टमध्ये (उपकरण निघाल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) चालू यूआरबी, म्हणजे डेटा देवाणघेवाणीच्या विनंत्या, थांबवणारं यूएसबी_किल_यूआरबी आहे, लॉकही आहे, मग एखाद्या वेळी केबल काढताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, का कोसळतो?

मला विचाराल तर यूआरबीकडे नंतर बघा, आधी वर्क, म्हणजे नंतर चालवायला रांगेत ठेवलेलं काम, शोधा. केबल निघाल्याची हब ड्रायव्हरने दखल घ्यायच्या आत चालू यूआरबी −७१, म्हणजे ईप्रोटो हा चुकीचा कोड, घेऊन परत येतात. कम्प्लीशन हँडलर, म्हणजे यूआरबी संपल्यावर चालणारं फंक्शन, ती तात्पुरती चूक समजतो आणि पुन्हा प्रयत्नासाठी वर्क रांगेत टाकतो. तेवढ्यात डिस्कनेक्ट यूआरबी मारून केफ्री करतो, म्हणजे ड्रायव्हरची मेमरी सोडून देतो. मागाहून वर्क चालतं आणि सोडून दिलेल्या मेमरीत हात घालतं. लॉकही त्याच मेमरीत होतं, ते काय वाचवणार?

वर्क रद्द करायचं, पण कधी? कॅन्सल_वर्क_सिंक (वर्क रद्द करणारं, चालू असेल तर ते संपेपर्यंत थांबणारं फंक्शन) आधी आणि किल नंतर ठेवलंत, तर मधल्या फटीत हँडलर नवं वर्क टाकतो. उलट केलंत, तर किल परतल्यावर वर्क तोच यूआरबी पुन्हा पाठवू शकतं, कारण पुन्हा पाठवण्यावरची किलची बंदी ते परतेपर्यंतच टिकते. क्लोजमध्ये, म्हणजे फाइल बंद करताना, हे फार सहज घडतं, तिथे उपकरणाचा एंडपॉइंट (डेटा ये-जा करण्याचं टोक) चालूच असतो.

म्हणून आधी यूएसबी_पॉइझन_यूआरबी. तेही चालू हँडलर संपेपर्यंत थांबतं, पण बंदी उठवत नाही. पुढचं प्रत्येक सबमिट −१ घेऊन परततं. मग कॅन्सल_वर्क_सिंक. फ्री सर्वांत शेवटी, आणि कोणी फाइल उघडी ठेवली असेल तर केरेफ, म्हणजे वापरणाऱ्यांची मोजणी, शून्यावर आल्यावरच. क्लोजमध्ये हाच क्रम ठेवलात तर पुढच्या ओपनला बंदी उठवणारं अनपॉइझन हवंच. वर्क जो म्यूटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं लॉक) घेतं तो धरून कॅन्सल करू नका, दोघं एकमेकांची वाट बघत बसतील. आणि हँडलरला −२, −१०४, −१०८ (यूआरबी रद्द झाला किंवा उपकरण बंद झालं, असे कोड) दिसले तर त्याने पुन्हा प्रयत्न न करता परतावं.

खात्री करायला नुसती केबल ओढत बसू नका, ती फट फार अरुंद असते. कर्नल कासान (मेमरीच्या चुका पकडणारं) आणि लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं) या साधनांसह बांधा, वर्कमध्ये सबमिटच्या आधी १,००० मिलिसेकंदांचा एमस्लीप, म्हणजे मुद्दाम थांबा, घाला आणि वाचन चालू असताना केबल काढा. मेमरी कुठे घेतली, कुठे सोडली, नंतर कोणी वापरली, हे तिन्ही कासान दाखवतो. दुरुस्तीनंतर एमस्लीप तसाच ठेवून पुन्हा तपासा, मगच तो काढा.