सिनेमा वाईट नाही, टीव्ही 'विविड'वर आहे

'काही दिसतच नव्हतं, नुसता अंधार.' 'बोलतात काय ते कळलंच नाही.' घरी ओटीटीवर नवा सिनेमा बघून झाला की बहुतेक घरांत यातलं एक वाक्य हमखास निघतं आणि खापर दिग्दर्शकावर फुटतं. कधी ते योग्यही असतं. पण मत बनवण्याआधी रिमोट हातात घ्या. टीव्ही डब्यातून निघतो तोच मुळी दुकानाच्या झगझगाटात शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसावा अशा बेताने, पुष्कळदा 'विविड'सारख्या भडक पिक्चर मोडवर, लावलेला असतो: रंग भडक, पांढरा रंग निळसर, हालचाल तुपासारखी गुळगुळीत.

आधी ती गुळगुळीत हालचाल घालवा. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने रचून भरतो, आणि चांगला छायाचित्रित केलेला सिनेमा संध्याकाळी साडेसातच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. माणूस खांबामागून गेला की त्याच्या कडांभोवती पाणी हलल्यासारखं दिसतं, ते याच्यामुळेच. सोनीत याचं नाव 'मोशनफ्लो', एलजीत 'ट्रूमोशन', सॅमसंगमध्ये 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी'. बंद करा. बंद केल्यावर कॅमेरा आडवा फिरताना चित्र फारच अडखळत असेल, तर 'जडर' कमी करण्याचा आकडा एक-दोनवर ठेवा, त्यापुढे नको. नव्या टीव्हीत 'फिल्ममेकर मोड' असला तर तो निवडला की हे सगळं एकदम होतं. क्रिकेटसाठी मात्र स्पोर्ट्स मोड खुशाल ठेवा, तिथे गुळगुळीतपणा खपतो.

इथे बरेच जण फसतात. ही सेटिंग्ज प्रत्येक पिक्चर मोडची वेगळी असतात, आणि साध्या चित्राची, एचडीआरची (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र), डॉल्बी व्हिजनचीही (एचडीआरचाच एक प्रकार) वेगळी. बातम्यांचं चॅनल लावून सगळं नीट केलं तरी ओटीटीवर एचडीआर सिनेमा सुरू होताच टीव्ही आपल्या जुन्या सवयीवर जातो. म्हणून सिनेमा सुरू करा, थांबवा आणि मगच मेनूत शिरा.

आता अंधार. स्वस्त टीव्हीवर 'एचडीआर' लिहिलेलं असतं, पण त्याचा उजेड 300 निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) आसपासच संपतो. एचडीआरचं चित्र 1000 निट्स किंवा त्याहून जास्त गृहीत धरून रंगवलेलं असतं. ते एवढ्याशा उजेडात बसवताना टीव्ही सगळंच खाली दाबतो. अशा वेळी लोक 'ब्राइटनेस' वाढवतात. पुष्कळ टीव्हींत त्या नावाखाली काळ्या रंगाची पातळी असते. ती वाढवली की काळ्याचा राखाडी होतो आणि धुकं पडल्यासारखं दिसतं. वाढवायचा तो 'बॅकलाइट', म्हणजे पडद्यामागचा उजेड. डॉल्बी व्हिजन असेल तर दोन पर्याय दिसतात. उजेडाच्या खोलीसाठी 'ब्राइट' किंवा 'सिनेमा होम', दिवे मालवलेले असतील तर 'डार्क' किंवा नुसतं 'सिनेमा'. आणि टीव्हीसमोरच्या भिंतीवरची ट्यूबलाइट बंद करा. पडद्यावर ती आडवी झळकत असताना कोणताच मोड कामाचा नाही. टीव्हीच्या मागे एक मंद दिवा ठेवला तर डोळेही शिणत नाहीत.

परीक्षा घ्यायची तर 'तुंबाड' लावा. पावसाळी ढगाळ उजेड, कंदील आणि शेवटी तो देवीचा लालभडक गर्भ. त्या लाल भिंतींवर मऊ छटांऐवजी पट्टे किंवा चौकोनी डाग दिसले, तर सेटिंगपेक्षा डेटा कमी पोचतोय अशी शंका घ्या. नेटफ्लिक्ससारखी सेवा 1080पीसाठी 5 आणि 4केसाठी 15 एमबीपीएस वेग सांगते. वेग असला तरी प्लॅन बघा. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालतच नाही, आणि बेसिकवर 720पीच मिळतं. तेवढ्यात अंधाराचं दृश्य भरडलं जाणारच. 4के सिनेमाला तासाला 7 जीबीपर्यंत डेटा लागतो, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही लावणाऱ्यांनी जपून.

आवाजाचं दुखणं वेगळं. 5.1 मिश्रणात (पाच स्पीकर आणि एक वूफर धरून केलेला आवाज) संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी ठेवलेले असतात. टीव्हीला तो नसतो. असतात ते दोन बारके स्पीकर, तेही खाली किंवा मागे तोंड केलेले. टीव्ही शोकेसच्या कोनाड्यात असेल तर आवाज तिथेच घुसमटतो. ऑडिओच्या यादीत '5.1' न लिहिलेला पर्याय असेल तर तो घ्या, संवाद बऱ्याचदा तेवढ्यानेच पुढे येतात. रात्री शेजारी झोपलेले असतील तर 'नाइट मोड' ठीक. पण लहान-मोठा आवाज एकसारखा करणारा 'ऑटो व्हॉल्यूम' कायमचा चालू ठेवू नका.

का, ते चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'मध्ये नीट कळतं. रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर संथ चाललेली मोटरसायकल, खाली तानपुरा आणि वर, ज्यांची व्याख्यानं नायक ऐकतोय, त्या माईंचा आवाज. ऑटो व्हॉल्यूम चालू असेल तर माई थांबल्या की तानपुरा फुगतो, बोलू लागल्या की आक्रसतो. त्या दृश्याचा सगळा जीव स्थिर सुरात आहे, तोच असा हेलकावे खातो. शिवाय पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण 70 हर्ट्झच्या आसपास वाजते. टीव्हीच्या स्पीकरची ती मजलच नाही. माझ्या मते हा सिनेमा टीव्हीच्या आवाजावर बघण्यापेक्षा बऱ्या हेडफोनवर लॅपटॉपवर बघितलेला चांगला.

साउंडबार घेणार असाल तर 2.1 पेक्षा 3.1 घ्या, त्यात संवादासाठी मधला स्पीकर वेगळा असतो. वूफर तर दोन्हींत आहेच. जोडताना टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खाचेवर 'एआरसी' (टीव्हीचा आवाज बारकडे पाठवणारी सोय) लिहिलंय तीच वापरा आणि मेनूत सीईसी, म्हणजे जोडलेली उपकरणं एकमेकांना चालवतात ती सोय, चालू करा (सॅमसंगमध्ये 'एनीनेट प्लस', एलजीत 'सिमप्लिंक'), नाहीतर बऱ्याचदा आवाजच येत नाही आणि बार परत करायला लोक दुकान गाठतात. ब्लूटूथने जोडलात तर बऱ्याचदा ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.

आणि पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या म्हणून 'झूम' दाबू नका. रुंद सिनेमात टीव्हीच्या उंचीचा चौथा हिस्सा मोकळा राहणारच. झूम केलं तर कडेला उभं असलेलं पात्र उडतं. चित्र लहान वाटत असेल तर सोफा पुढे ओढा. 55 इंची टीव्हीला सात-साडेसात फूट अंतर पुरतं, 43 इंचीला पावणेसहा.