उगवला एकदाचा!

पावसानं फुगलेलं न्हाणीघराचं दार तासायला सुतार "उद्या नक्की" म्हणून गेला, त्याला आज नववा दिवस. पुण्याची भाची सध्या सांगलीत, गावभागातल्या आमच्या घरी लॅपटॉप मांडून बसते. काल ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, "ही डिडन्ट शो अप." तिच्या मीटिंगला कुणी आलं नव्हतं. आई गवारी मोडता मोडता म्हणाली, "सुताराचं सांगतीय होय? फिरकलाच नाही मेला."

इंग्रजांचं बरंय. उशिरा आला, आगंतुक आला, आलाच नाही, सगळं एका 'शो अप'वर भागतं. नुसत्या येण्यापेक्षा त्यात 'आला बाई एकदाचा' एवढी छटा जास्त. आपल्याकडे मात्र माणूस बघून क्रियापद काढतात. वाट बघून डोळे शिणल्यावर येतो तो उगवतो. ऐन जेवणाच्या वेळी येतो तो टपकतो. उधारी थकलेला तोंड दाखवत नाही. आणि 'फिरकणे' तर बहुतेक नकारातच जगतं. "काल सुतार फिरकला" असं कोण म्हणतं?

'शो अप'च्या मधोमध माणूस बसवला की मात्र घात होतो. नोकरीत नवा असताना मी साहेबांना ऐटीत लिहिलं होतं, "आय विल शो यू अप अ‍ॅट मिरज स्टेशन." मला म्हणायचं होतं, स्टेशनवर हजर राहतो. लिहिलं होतं, मिरज स्टेशनवर तुमची शोभा करतो! साहेब दुसऱ्या गाडीनं आले.

नदीला यातलं एकही क्रियापद आम्ही लावत नाही. आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, हे आकडे इथं पोराटोरांना पाठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हाही आई फोनवर एवढंच म्हणाली होती, "पाणी आलंय रे." कृष्णामाई टपकली म्हणायची कुणाची छाती आहे?

आज संध्याकाळी दार वाजलं.

"उगवलास होय रे? बस, चहा टाकते."

"आलो की काकू, येतो म्हणलेलो न्हवं!" सुतार पायरीवर टेकला. "आज नुसतं बघून जातो. रंधा उद्या आणतो, नक्की."