लॅपटॉप न मागता मिळालेलं अनुदान

शाळेतल्या संगणक शिक्षणावर संशोधन करायचंय म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "किती लॅपटॉप हवेत?" आमच्या प्रस्तावात एकही नव्हता. संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्था उपकरणांच्या बाबतीत हात आखडता घेतात, आणि माझ्या मते बरोबरच करतात. पेरूमधल्या ३१९ ग्रामीण शाळांत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेची रीतसर चाचणी झाली होती. संगणकाचा वापर भरपूर वाढला, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. हा दाखला आम्ही पहिल्याच पानावर दिला.

आमचा प्रश्न लहान होता. प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणाऱ्या मुलांना पहिल्यापासून सगळा कोड लिहायला लावायचा, की तयार ओळी उलटसुलट करून देऊन त्या क्रमाने लावायला सांगायचं? या दुसऱ्या प्रकाराला पार्सन्स कोडी म्हणतात. २००६ पासून ती वापरात आहेत. समजा, 'बेरीज = ०' ही ओळ मुलाने लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, आत ठेवली. मग दर फेरीला बेरीज पुन्हा शून्य होते. ती ओळ ते लूपच्या वर सरकवतं, तेव्हा नेमकं काय उमगलं ते आपल्याला टिपता येतं. स्वतः कोड लिहिताना मात्र गाडी कंस राहिला म्हणून अडलीय की विचारच चुकलाय, हे ओळखणं कठीण.

समीक्षकांचे अभिप्राय आले तेव्हा एका वाक्याने सगळं गणित फिरवलं. एका वर्गातली मुलं एकाच शिक्षकाच्या हाताखाली शिकतात, त्यामुळे प्रत्येक मूल स्वतंत्र नमुना धरता येत नाही. मुलं वाढवू नका, वर्ग वाढवा. वर्ग वाढवायचे म्हणजे शाळा वाढल्या, प्रवास वाढला, शिक्षकांचं प्रशिक्षण वाढलं. अंदाजपत्रक पुन्हा मांडावं लागलं.

त्यात माझा सर्वांत आवडता रकाना होता 'बदली शिक्षकांचे तास'. शिक्षक प्रशिक्षणाला आले तर त्यांचा वर्ग कोण सांभाळणार, हा मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न असतो. त्याचे पैसे प्रस्तावातच आहेत म्हटल्यावर संमतीची पत्रं भराभर आली. आमच्याच संस्थेच्या लेखा विभागाला मात्र हा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावा ते शेवटपर्यंत कळेना. त्यांचा स्वतःचा प्रशासकीय खर्च तेवढा बरोबर पहिल्या ओळीत बसला होता!

नीतिमत्ता समितीचं काम तुलनेने सुरळीत झालं. पालकांची संमती हवीच, शिवाय मुलाने स्वतः 'नको' म्हटलं तर तेही मानायचं. नावांच्या जागी सांकेतिक क्रमांक. आणि तुलनेसाठी घेतलेल्या वर्गांनाही अभ्यास संपल्यावर तीच कोडी द्यायची, म्हणजे कुणी वंचित राहिलं असं होत नाही.

मंजुरी आली ती अटींसह. निकाल काहीही लागो, अगदी दोन्ही गटांत फरक नाही असा लागला तरी, तो प्रसिद्ध करायचा. कोडी सर्व शिक्षकांना मोफत खुली करायची. पैसे हप्त्यांनी मिळणार. पहिला हप्ता समितीचं पत्र जमा झाल्यावरच सुटतो. तो हाती येऊन संशोधन सहायक नेमेपर्यंत शाळांचं सत्र सुरूही झालं होतं. पूर्वचाचणी पुढच्या सत्रावर ढकलायची परवानगी आम्ही लेखी मागितली. ती मात्र लगेच मिळाली.