मुलीची लांबलेली पाळी : तपासणीपासून उपचारांपर्यंत माझा अनुभव

माझ्या मुलीला पहिली पाळी बाराव्या वर्षी आली आणि त्यानंतर सुमारे दोन वर्षे ती कधी महिन्याने, तर कधी दीड महिन्याने येत राहिली. त्याची मी फारशी काळजी केली नाही, आणि तसे कारणही नव्हते. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग, त्याच्याखालची पिट्यूटरी ग्रंथी आणि बीजांडकोश यांच्यातील संप्रेरकांची (हार्मोन्सची) देवाणघेवाण पुरती स्थिरावलेली नसते. कित्येक महिने बीजांड बाहेर पडतच नाही आणि त्यामुळे पाळीचे अंतर पुढेमागे होत राहते. या वयात एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २१ ते ४५ दिवस जाणे सर्वसाधारण मानले जाते.

पंधराव्या वर्षी मात्र हे अंतर वाढत गेले आणि एकदा तीन महिने उलटून गेले तरी पाळी आली नाही, तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो. पहिली पाळी येऊन वर्ष झाल्यानंतर दोन पाळ्यांमध्ये एकदा जरी ९० दिवसांहून जास्त अंतर पडले, तरी तपासून घ्यावे असा निकष असल्याचे मला पुढे समजले.

तिथे बोलणे थोडक्यात आटोपले. सोनोग्राफी झाली, दोन्ही बीजांडकोशांत बारीक बारीक पुटिका, म्हणजे द्रवाने भरलेल्या छोट्या पिशव्या, बऱ्याच दिसतात असे अहवालात आले आणि तिला पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार, असल्याचे आम्हाला सांगण्यात आले. पाळी आणण्यासाठी काही दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आणि त्यानंतर दर महिन्याला घ्यायच्या संप्रेरकांच्या गोळ्या लिहून मिळाल्या. पहिल्या गोळ्या संपल्यावर जेमतेम डाग पडला, पाळी आलीच नाही. शिवाय पीसीओएसविषयी जे वाचायला मिळत होते, म्हणजे चेहऱ्यावरचे राठ केस, न जाणारी पुरळ, वाढते वजन, त्यातले काहीच तिच्यात दिसत नव्हते. सडपातळ मुलींनाही पीसीओएस असू शकतो हे खरे, पण वर्षभरात तिचे वजन कमी झाले होते आणि त्याबद्दल आम्हाला कोणी एक प्रश्नही विचारला नव्हता. म्हणून मासिक गोळ्या सुरू करण्याआधी किशोरवयीन मुलींच्या तक्रारी नेहमी पाहणाऱ्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्यायचे आम्ही ठरवले.

या बाईंनी सोनोग्राफीचा अहवाल बाजूला ठेवला आणि आधी पाळीच्या तारखा मागितल्या. मुलीने त्या मोबाइलमध्ये नोंदवलेल्या होत्या, त्यामुळे अंतर नेमके केव्हापासून वाढू लागले ते लगेच स्पष्ट झाले. रक्तस्राव किती दिवस चालतो, पॅड किती वेळाने बदलावा लागतो, हेही त्यांनी विचारले. लांबणारी पाळी आणि अति रक्तस्राव यांची तपासणी वेगवेगळ्या दिशेने जाते. सात दिवसांहून जास्त रक्तस्राव होत असेल किंवा तासा-दोन तासांनी पॅड भिजत असेल, तर हिमोग्लोबिन आणि शरीरातील लोहाचा साठा पाहतात आणि रक्त गोठण्याच्या प्रक्रियेत जन्मजात दोष नाही ना, याचीही खात्री करून घेतात. आमच्याकडे ती अडचण नव्हती.

त्यानंतर त्यांनी मला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितले. तिचे एकटीचे म्हणणे ऐकायचे असते, एवढेच त्या म्हणाल्या. लघवीची गर्भधारणा चाचणीही करून घेतली. पाळी थांबली असेल तर वय किंवा घर न पाहता ही चाचणी सर्वांचीच करतात, हे त्यांनी आम्हा दोघींसमोर इतक्या सहजपणे सांगितले की माझा अवघडलेपणा तिथेच ओसरला. आयांनी या गोष्टीचा अपमान वाटून घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. मी बाहेर असतानाच मुलीने त्यांना सांगितले की शाळेच्या संघात निवड झाल्यापासून ती रोज सकाळ-संध्याकाळ धावण्याचा सराव करत होती आणि वजन कमी असेल तर वेग वाढतो, असे ऐकून दुपारचे जेवण टाळत होती. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, आणि माझ्यासमोर ती बोलली असती असे मला वाटत नाही.

सोनोग्राफीबद्दल त्यांनी जे सांगितले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. किशोरवयात निरोगी मुलींच्या बीजांडकोशांतही अनेक पुटिका दिसतात, त्यामुळे पहिली पाळी येऊन आठ वर्षे होईपर्यंत केवळ त्या दिसण्यावरून पीसीओएसचे निदान करू नये, असे २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. या वयात निदानासाठी पाळीतील अनियमितता आणि पुरुषी संप्रेरकांचे वाढलेले प्रमाण किंवा त्याची शारीरिक लक्षणे, अशा दोन्ही गोष्टी असाव्या लागतात, आणि तशीच लक्षणे निर्माण करणारी इतर कारणे आधी वगळावी लागतात.

मग रक्ताच्या तपासण्या झाल्या : थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित संप्रेरक), एफएसएच आणि एलएच (पिट्यूटरीतून येणारी, बीजांडकोशांना चालना देणारी संप्रेरके), बीजांडकोशांत तयार होणारे इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक. थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि टेस्टोस्टेरॉन ठीक निघाले. एलएच आणि इस्ट्रोजेन मात्र कमी होते. गोळ्यांनंतर पाळी का आली नाही, याचे उत्तरही यातच होते. गर्भाशयाचे अस्तर इस्ट्रोजेनमुळे वाढते आणि प्रोजेस्टेरॉन थांबल्यावर ते बाहेर पडते. मुळात अस्तरच वाढलेले नसेल तर बाहेर काय पडणार? खर्च होणारी ऊर्जा अन्नातून भरून निघत नसेल, तर हायपोथॅलॅमस पुढे संदेश पाठवणे कमी करतो आणि पाळी लांबते किंवा थांबते. मानसिक ताणानेही हे होऊ शकते.

मासिक गोळ्या घेतल्या असत्या तर दर महिन्याला रक्तस्राव झाला असता आणि सारे सुरळीत आहे असा आमचा समज झाला असता. पण तो रक्तस्राव गोळ्यांचा असतो. मूळ कारण तसेच राहते आणि कमी इस्ट्रोजेनमुळे हाडांचे होणारे नुकसान या गोळ्यांनी भरून निघेल अशी खात्री देता येत नाही. हाडांची बळकटी मुख्यतः याच वयात कमावली जाते, म्हणून डॉक्टर पाळीपेक्षाही हाडांबद्दल अधिक गंभीरपणे बोलल्या. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ पाळी बंद राहिली, तर हाडांची घनता तपासावी लागते, अशी कल्पनाही त्यांनी दिली.

उपचार सांगायला सोपे होते : आहार वाढवणे आणि सराव कमी करणे. मुलीला पटवणे मात्र अवघड गेले. आहारतज्ज्ञांनी सरावाच्या आधी आणि नंतर काही ना काही खाण्याची वेळ ठरवून दिली, आणि प्रशिक्षकांनी, काहीशा नाराजीनेच, संध्याकाळचा सराव बंद केला. तिला सर्वाधिक पटला तो दुखापतीचा मुद्दा. ऊर्जेची अशी तूट राहणाऱ्या धावपटूंमध्ये ताणामुळे हाडाला बारीक भेग पडण्याचा धोका वाढतो, हे ऐकल्यावर तिने वजनकाटा वापरणे स्वतःहून सोडले. नातलगांचा एक सल्ला, की मुलींचे होते असे कधी कधी, आपोआप नीट होईल, मी ऐकून सोडून दिला. तो सुरुवातीच्या दोन वर्षांना लागू होता, आताच्या परिस्थितीला नव्हे.

वजन आधी वाढले. पाळी त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी आली. एवढा उशीर लागू शकतो हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले नसते, तर आम्ही मध्येच धीर सोडला असता. सध्या पाळी पाच-सहा आठवड्यांच्या अंतराने येते. संध्याकाळचा सराव पुन्हा सुरू करण्याचा विचार पाळीचे अंतर आणखी काही महिने असेच टिकल्यावरच करायचा, असे डॉक्टर, प्रशिक्षक आणि मुलगी यांनी मिळून ठरवले आहे, आणि तारखा आता ती स्वतःच डॉक्टरांना कळवते.